पाच जणांची दोन-दोन वर्षं

सांगलीच्या विश्रामबागेतल्या 'धारोष्ण सॉफ्टवेअर' या कंपनीत पाच जणांचा दोन-दोन वर्षांचा अनुभव एकत्र करून दहा वर्षांचा एक सीनियर इंजिनियर तयार करण्यात आला. त्यात वृषाली शिंत्रेचीही दोन वर्षं गेली.

धारोष्ण ही कंपनी गावोगावच्या दूध संस्थांसाठी सॉफ्टवेअर करते. गवळ्याने दूध घातलं की मशीन फॅट मोजतं, आकडा स्क्रीनवर येतो आणि बिलात जाऊन बसतो. एवढंच काम, पण ते पहाटे आणि संध्याकाळी न चुकता व्हावं लागतं. मालक धनपाल बिरनाळे यांचे पूर्वी टायपिंगचे आणि कॉम्प्युटरचे क्लासेस होते. आपल्याला प्रोग्रामिंगमधलं ओ की ठो कळत नाही, हे ते स्वतःच सगळ्यांना सांगत. सॉफ्टवेअर लिहायला त्यांनी कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली पाच पोरं एकाच जूनमध्ये घेतली. त्यांच्यावर कोणी नव्हतं. अडलं की पाचही जण एकमेकांना विचारत, आणि सगळ्यांना सारखंच येत असल्यामुळे उत्तरही सारखंच मिळे.

तरी दोन वर्षांत कामाच्या काही रीती पडल्या होत्या. केलेला बदल शनिवारी दुपारी थेट चालू सर्व्हरवर चढवायचा. बरोबर आहे की नाही ते गवळी सांगतील. बिल, लॉगिन, साठा असं सगळं एकाच लांबलचक फाईलमध्ये होतं, कारण पहिल्या आठवड्यात ते तिथे लिहिलं गेलं आणि वेगळं नंतर करू असं ठरलं. दोघांनी एकाच ओळीत बदल केला तर मशीन विचारतं, कोणाचं ठेवू? धारोष्णमध्ये याचं उत्तर ठरलेलं होतं. जो मशीनसमोर बसलाय त्याचं. दुसऱ्याचं पुसलं जाई. हे असं करू नये हे सांगायला कोणी नव्हतं, म्हणून ते नियमासारखं झालं.

आणि हँडओव्हर. आपलं काम दुसऱ्याकडे सोपवलं की ते आपल्याकडे उरत नसे. समोरासमोर बसायचं, पहिल्यापासून क्रमाने द्यायचं, देऊन झालं की मोकळं. इरफान मुजावरने लॉगिनचं काम तेजलला दिलं, तेव्हापासून स्वतःचं मशीन कसं उघडायचं हे त्याला रोज सकाळी तेजलला विचारावं लागे. बिरनाळे सरांना ही पद्धत पसंत होती. एकच गोष्ट दोघांना माहीत असणं त्यांना उधळपट्टी वाटायची.

अशात एका मोठ्या दूध संघाचं काम चालून आलं. शंभरेक गावं, सगळी एका सॉफ्टवेअरवर. संघाची अट एकच होती, कंपनीत दहा वर्षांचा अनुभव असलेला सीनियर इंजिनियर पाहिजे. सोमवारी संघाची माणसं त्याला भेटायला येणार होती. दुसऱ्या कुठल्या मालकाने सरळ कागदावर दहा लिहून दिलं असतं. पण बिरनाळे सर माळकरी नसले तरी सरळ होते. शुक्रवारी त्यांनी पाचही जणांना केबिनमध्ये बोलावलं.

"खोटं लिहायचं नाही," ते म्हणाले. "आपल्याकडं दहा वर्षं आहेत. फक्त ती पाच ठिकाणी पडल्यात. गोळा करायची."

कोणाकडे गोळा करायची, यावर फार चर्चा झाली नाही. सन्मती मगदूमला दाढी चांगली आली होती आणि तो फोनवर इंग्रजी न अडखळता बोलायचा. बाकीच्या चौघांनी, म्हणजे वृषाली, इरफान, तेजल आणि किरण आवटीने, आपली दोन-दोन वर्षं त्याच्याकडे सोपवायची असं ठरलं. काम सुरू झालं, घडी बसली की ज्याचं त्याला परत.

अडचण इरफानने काढली. या दोन वर्षांत माणूस नुसता ऑफिसात नसतो, घरीही असतो. त्याच दोन वर्षांत त्याचं लग्न झालं होतं. तेव्हा ऑफिसचं तेवढं वेगळं काढून द्यावं, घरचं आपल्यापाशी ठेवावं. सगळ्यांना ते पटलं. पण वेगळं काढायचं कसं हे कोणालाच येत नव्हतं. जेवणाचा डबा उघडताना घरचा फोन येई, फोनवर बोलता बोलता बिलाचा घोळ सुटे, सगळं एकात एक मिसळलेलं. सरांनी घड्याळाकडे पाहिलं आणि आता असंच जाऊ दे, वेगळं नंतर करू, असं सांगितलं. इरफानला हे वाक्य ओळखीचं होतं.

वृषालीने त्याच दोन वर्षांत आई गमावली होती.

आईच्या पोटात दुखत होतं. पप्पा साखर कारखान्यात होते, सीझन चालू होता. अ‍ॅसिडिटी असेल, औषध घे, सीझन संपला की मोठ्या डॉक्टरांना दाखवू, असं ते म्हणत राहिले. सीझन संपला तेव्हा मिरजेच्या डॉक्टरांनी पोटाचा फोटो बघून फक्त मान हलवली. पप्पांनी त्यानंतर त्या विषयावर एक शब्द काढला नाही. पण त्यांचं जेवण तुटलं, ते तुटलंच.

शेवटच्या सकाळी दवाखान्यात आईजवळ वृषाली एकटी होती. पप्पा खाली मेडिकलमध्ये इंजेक्शन आणायला गेले होते. आईने तोंडावरचा मास्क बाजूला केला आणि म्हणाली, "पप्पांना सांग, त्यांची चूक नव्हती. माझाच हट्ट होता, मला दवाखान्यात यायचं नव्हतं." मग मास्क परत लावून घेतला. पप्पा वर आले तेव्हा सगळं झालं होतं.

हा निरोप वृषालीने वर्षभर पोहोचवला नव्हता. सांगायला तोंड उघडलं की ती दुसरंच काही बोलून जायची. घाई कसली, पप्पा कुठे जातात, नंतर सांगू. हँडओव्हरच्या शनिवारी सकाळी मात्र तिने मनाशी पक्कं केलं, आज सांगूनच बाहेर पडायचं. पप्पा आंघोळीला गेले होते. बस चुकेल म्हणून ती निघाली आणि जिना उतरताना तिने ते संध्याकाळवर टाकलं.

ती तयार का झाली, याचं खरं कारण तिने कोणाला सांगितलं नाही. आई दवाखान्यात असताना सरांनी तिला हवी तेवढी सुट्टी दिली होती, हे एक होतंच. पण दुसरंही होतं. वर्षभर ते ओझं वाहून ती थकली होती. काही दिवस ते दुसऱ्या कोणी सांभाळलं तर बरं, असं तिला वाटलं. त्याची लाजही वाटली, आणि तरी वाटलं.

शनिवारी दुपारी आधी सर्व्हरवरचा बदल चढवला, मग हँडओव्हरला बसले. तेजल, वृषाली, इरफान, किरण, एकामागून एक सन्मतीसमोर बसले आणि रुजू झाल्याच्या दिवसापासून देत गेले. वृषालीने निम्म्यावर थांबून बॅकअपचं विचारलं. कुठेतरी एक प्रत ठेवायला पाहिजे. सर चहा घेऊन आत आले होते. ते म्हणाले, सन्मती कुठे जातोय? तोच आपला बॅकअप. मग तिने उरलेलं दिलं. आईची शेवटची सकाळ देताना सन्मतीचे डोळे भरून आले आणि तिचे कोरडे झाले.

संध्याकाळी ती घरी गेली आणि दारातूनच आईला हाक मारली.

पप्पा स्वयंपाकघरातून बाहेर आले. हातात चहाचं गाळणं होतं. त्यांना आधी वाटलं, पोरीला भास झाला. मग तिने कंपनीत काय झालं ते, सरांनी निघताना सांगितलं होतं तसं, त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. कारखान्यात त्यांनीही बरंच काही पाहिलं होतं. ते म्हणाले, "वृषा, आईला जाऊन वर्ष झालं. तू होतीस जवळ." एवढं बोलून ते गाळणं धुवायला आत गेले. वृषाली भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोकडे पाहत उभी राहिली. तिला रडू आलं नाही. ज्याने रडू येतं ते सगळं सन्मतीकडे होतं.

सोमवारी चौघेही सर्टिफिकेटच्या फायली घेऊन ऑफिसात आले आणि आपण कुठे बसायचं ते विचारू लागले. सरांनी त्यांना पुन्हा एकदा जागा दाखवल्या.

सन्मतीच्या कानशिलावरचे केस पिकले होते. संघाच्या साहेबांनी अनुभव विचारला, त्याने दहा वर्षं असं सांगितलं, आणि त्यात एक दिवसही खोटा नव्हता. साहेबांनी समाधानाने चहा घेतला. काम मिळालं.

पण ती दहा वर्षं म्हणजे तीच दोन वर्षं पाच वेळा होती, हे हळूहळू दिसू लागलं. जे पाचांपैकी एकालाही येत नव्हतं ते सन्मतीलाही येत नव्हतं. फक्त ते येत नाही हे त्याला पाच बाजूंनी माहीत होतं. शनिवारी सर्व्हर बंद पडला की त्याला पाच जुने शनिवार आठवत, आणि पाचही शनिवारी मशीन बंद करून पुन्हा चालू केलेलं असे. मग तोही तेच करी. मात्र आता ते सीनियरने केलेलं असल्यामुळे सगळे शांत राहत. शंभर गावांतल्या गवळ्यांनाही तसं कळवलं जाई, सीनियर बघतायत.

माणूस म्हणून तो बदलला. दुपारी काही कारण नसताना खिडकीशी जाऊन डोळे पुसायचा. इरफानच्या बायकोचा ऑफिसात फोन आला की त्याचा चेहरा उजळायचा, आणि इरफान मात्र तिच्याशी परक्यासारखं अहो-जाहो बोलायचा.

वृषाली जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन त्याच्या टेबलाशी बसू लागली. आईला दवाखान्यात नेताना कुठली साडी नेसवली होती? अबोली रंगाची, सन्मती सांगे. खायला काय मागायची? चिंचेचं सार. तो न चुकता सांगायचा आणि ती दुसऱ्याच्या घरची हकिकत ऐकावी तशी ऐकायची, पण रोज यायची. एक दिवस तिने शेवटच्या सकाळचं विचारलं. मी एकटीच जवळ होते असं पप्पा म्हणतात, तेव्हा तुलाच माहीत असणार. सन्मती डबा झाकत म्हणाला, आहे की माझ्याकडे, पण असं तुकड्यातुकड्याने काढलं तर मधलं सांडतं, सगळं एकदमच परत देईन. वृषालीला ते रास्त वाटलं. सरांकडे गेल्यावर सर म्हणाले, संघाचं काम पूर्ण चालू होऊ दे, मग लगेच.

संघाचं काम पूर्ण चालू झालं आणि सन्मतीने राजीनामा दिला.

यात नवल काही नव्हतं. दहा वर्षांचा अनुभव असलेला माणूस सांगलीत कशाला थांबेल? पुण्याच्या एका कंपनीने त्याला घेतलं होतं. बिरनाळे सर केबिनमध्ये बराच वेळ हातावर हात ठेवून बसून राहिले. त्यांनी त्याला तीन वेळा बोलावून समजावलं, एकदा तर आवाजही चढवला, आणि शेवटी नारळ द्यायची तयारी केली. त्यांचं दुःख खरं होतं. एवढ्या कष्टाने एक सीनियर केला होता.

चौघांचा प्रश्न वेगळा होता. सन्मतीने सगळं परत दिलं तर पुण्यात तो दोन वर्षांचाच उरणार, आणि ती नोकरी दहा वर्षांची. यावर तोडगा पुण्याच्या कंपनीनेच काढला. तिथे वेगळं करण्याची माहिती असलेली माणसं होती. त्यांनी फोनवर सन्मतीला रीत सांगितली आणि घरचं सगळं काढून या असं बजावलं, ते उगाच जागा अडवतं. म्हणजे ऑफिसचं त्याने न्यायचं, घरचं ज्याचं त्याला द्यायचं. राजीनाम्यानंतरचा नोटिशीचा काळ सरांनी आधी कामाच्या हँडओव्हरसाठी वापरून घेतला. सन्मती ऑफिसचं नेणारच होता, तेव्हा द्यायला त्याच्यापाशी पासवर्ड आणि 'इथे हात लावू नका' अशा जागा एवढंच होतं, पण ते सांगण्यातच दिवस गेले. घरचं द्यायला शेवटची दुपार उरली.

इरफानला त्याचं लग्न मिळालं. तो मधेच उठून जिन्यात गेला आणि बायकोला फोन लावला. मग वृषालीची पाळी आली.

सन्मती क्रमाने देत गेला. आईची पहिली तक्रार, पप्पांचं नंतर बघू, अबोली साडी, मिरजेचा रस्ता, चिंचेचं सार. वृषालीला हळूहळू रडू येत गेलं आणि ते आपलंच आहे हे तिला ओळखू आलं. मग सन्मती थांबला. पुढे जाऊन मागे आला. पुन्हा थांबला.

"त्या सकाळचं नाही," तो म्हणाला.

"नाही म्हणजे?"

"त्या सकाळी मी गावाकडं होतो, आमच्या घरी. एकाच सकाळी तुझं पण होतं आणि माझं पण. वेगळं काढताना कोणाचं ठेवू असं आलं." तो टेबलाकडे बघत होता. "मी समोर बसलो होतो."

वृषालीने विचार करून पाहिला. यात त्याचं काही चुकलंय असं तिला म्हणता येईना. तिने स्वतःही नेहमी असंच केलं असतं. धारोष्णमध्ये ते असंच करतात, हे ती नव्याने रुजू झाल्यावर दुसऱ्यांदाही पहिल्याच आठवड्यात शिकली होती. ती सकाळ रिकामी ठेवली तर चालेल का, एवढंच तिने विचारलं. सन्मतीने मान हलवली. मधली एक जागा रिकामी राहिली की त्याच्या पुढचं काहीच उघडत नाही. हे दोघांनाही पक्कं माहीत होतं, कारण सॉफ्टवेअरमध्येही तसंच होतं. आईनंतरचं अख्खं वर्ष त्या सकाळच्या पलीकडे होतं.

"माझी देऊ काय?" सन्मतीने विचारलं. "माझं काही फार नव्हतं त्या दिवशी. आईनं खीर केली होती."

त्याच्याकडे ती उरणार नाही हे माहीत असून त्याने ती दिली. एवढं त्याच्या बाजूने म्हणायला पाहिजे. जागेवर बसताच ती सकाळ वृषालीचीच झाली, आधी कोणाची होती हे तिला उरलं नाही. पाच वाजता सरांनी नारळ आणि शाल दिली, सगळ्यांनी भेळ खाल्ली, आणि सन्मती पुण्याच्या गाडीला गेला.

वृषाली घरी आली ती रडतच. बसमध्ये तिला आवरलं नव्हतं. पप्पांनी तिच्याकडे पाहिलं आणि सगळं परत मिळालं हे त्यांना कळलं. त्यांनी पाणी दिलं. तिने भाकऱ्या थापल्या, वांग्याची भाजी केली, दोघं जेवायला बसली. फोटोतली आई आता पुन्हा तिची होती.

पप्पांनी अर्धी भाकरी खाल्ली आणि हात थांबवला. इतके दिवस जे विचारायला त्यांची जीभ रेटली नव्हती, ते मधल्या काळात तिच्याकडे नव्हतंच हे पाहिल्यामुळे असेल, त्यांनी आज विचारलं.

"त्या सकाळी, मी खाली गेलो होतो तेव्हा, आई काही बोलली काय? माझ्याबद्दल?"

वृषालीने त्या सकाळीत पाहिलं. स्वयंपाकघरात ऊन आलं होतं. चुलीवर मोठं पातेलं होतं, गव्हाची खीर रटरटत होती. पदर खोचलेली एक बाई, ती आईच होती, हातात पळी घेऊन तिच्याकडे बघून हसत होती. तिच्या हातात सोन्याचे दोन जाड बिलवर होते.

"म्हणाली, घे की आणखी. कोणासाठी ठेवायचंय?"

पप्पा तिच्याकडे बघत राहिले.

"रागावली नव्हती?"

"नाही. हसत होती."

आई शेवटचे कितीतरी दिवस हसली नव्हती. अन्नाचा कण तिच्या पोटात जात नव्हता. हे पप्पांना जितकं माहीत होतं तितकं कोणालाच नव्हतं. त्यांनी हळूच मान हलवली. म्हाताऱ्या बापाला बरं वाटावं म्हणून पोर काहीबाही सांगते आहे, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. आणि खरं ती सांगत नाही, म्हणजे खरं काय असणार, हेही त्यांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. ते पुन्हा कधी विचारणार नव्हते.

वृषालीला ते दिसलं, पण काय चुकलं ते कळेना. वर्षभर राहिलेला निरोप तिने होता तसाच सांगितला होता. तिच्याजवळ त्या सकाळचं दुसरं काही नव्हतं. तिने टोपलीतली गरम भाकरी उचलली आणि त्यांच्या ताटाकडे नेली.

"घ्या की आणखी, पप्पा," ती म्हणाली. "कोणासाठी ठेवायचंय?"

पप्पांनी ताटावर आडवा हात धरला.